आधी यात्रा लिहा

"आधी गावची यात्रा लिहा. मग बाकीचं वर्ष."

पहिल्याच तासाला बाई वर्गात आल्या आणि हजेरी घेण्याआधी, स्वतःचं नाव सांगण्याआधी हे बोलल्या. आम्ही वह्या उघडून बसलो होतो. कुणीच काही लिहिलं नाही, कारण हे लिहून घ्यायचं वाक्य आहे असं कुणाला वाटलंच नाही.

सांगलीतल्या एका महाविद्यालयात दर रविवारी आमचा वर्ग भरायचा. शालेय व्यवस्थापनाची पदविका. आज ना उद्या मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसावं लागेल अशा आशेने किंवा धास्तीने आलेले आम्ही सगळे शिक्षकच होतो. कुणी कडेगावकडून मोटारसायकलवर यायचं, कुणी पाटण-कराडकडून एसटीने. बाई आम्हाला अभ्यासक्रमाचं नियोजन शिकवायच्या. त्या स्वतः मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. साताऱ्याला एकट्या राहायच्या आणि रविवारी सकाळची पहिली गाडी धरून सांगलीला यायच्या.

आमच्यात पाटणकडचे एक जाधव सर होते. वर्गात प्रश्न विचारण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. ते म्हणाले, "बाई, पर यात्रा तर सुट्ट्यांच्या यादीत नसती."

"म्हणूनच लिहायची," बाई म्हणाल्या. "यादीत आहे ते यादीला माहीत आहे. तुम्हाला काय माहीत आहे?"

तुम्ही आमच्या भागातले असाल तर यात जास्त काही सांगायला नको. इकडे दर गावाची यात्रा वेगळी आणि ती तिथीवर चालते. चैत्र लागला की एकामागून एक गावं जागी होतात. मुंबईला असलेले येतात, पलटणीत असलेले रजा काढून येतात. पहिल्या दिवशी पालखी, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचं मैदान, आणि तिसऱ्या दिवशी वर्गात बसलेली पोरं डोळे उघडे ठेवून झोपलेली असतात. नेमक्या त्याच आठवड्यात आम्ही शिक्षक तोंडी परीक्षा ठेवतो आणि निकालपत्रकावर 'वाचन असमाधानकारक' असं लिहितो. बाईंचं म्हणणं होतं की ते पोर असमाधानकारक नाही, ते नियोजन असमाधानकारक आहे. मुख्याध्यापकाच्या अधिकारात ज्या एक-दोन सुट्ट्या असतात त्या यात्रेसाठीच राखून ठेवा, असं त्या ठणकावून सांगायच्या.

आमची नियोजनं त्या शेवटच्या पानापासून वाचायच्या. फाइल हातात घेतली की सरळ उलटी करायच्या. वर्ष संपताना पोराला काय यायला हवं ते आधी बघायचं, मग परीक्षेत काय विचारलंय ते, आणि वर्गात काय शिकवणार ते सगळ्यात शेवटी. "या तिघांची तोंडं एकीकडं पाहिजेत," असं म्हणून त्या टेबलावर तीन खडू एका दिशेने मांडायच्या. मग आमच्यापैकी कुणाची तरी फाइल वाचत वाचत एकेक खडू फिरवायच्या. बहुतेक वेळा तिन्ही खडू तीन दिशांना जायचे.

जाधव सरांच्या फाइलची गोष्ट आम्ही अजून एकमेकांना सांगतो. त्यांनी शेवटच्या पानावर लिहिलं होतं की मुलांना परिसरातली झाडं ओळखता येतील. वर्गात शिकवणार होते पुस्तकातले झाडाचे भाग. आणि परीक्षेत प्रश्न होता, झाडांचे उपयोग लिहा. बाईंनी खडू फिरवले नाहीत. शांतपणे विचारलं, "सर, तुमच्या शाळेच्या दारात कुठलं झाड आहे?"

जाधव सर बराच वेळ वर छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बघायला पायजे, बाई."

वर्ग हसला. बाईही हसल्या. पण पुढच्या रविवारी त्यांनी आल्या आल्या विचारलं, आणि जाधव सर उभे राहून म्हणाले की करंज हाय, आन् पोरं त्याच्या शेंगांनी एकमेकांना मारत्यात. बाईंना इतका आनंद झाला की तो तास सगळा करंजावरच गेला.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. वडील कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे. मी शिकले ती गावातल्या शाळेत, आणि जड शब्द म्हणजे शिक्षण असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. माझं पहिलं नियोजन मी मार्गदर्शक पुस्तकातून उचललेल्या वाक्यांनी भरलं होतं. 'सर्वांगीण', 'आनंददायी', 'कृतियुक्त' असले शब्द ओळीओळीला. बाईंनी ते वाचलं, फाइल मिटली आणि म्हणाल्या, "घरी वडिलांना वाचून दाखवा. त्यांना कळलं तर मला द्या."

मी माहेरी जाऊन खरंच वाचून दाखवलं. वडील दिवसपाळी करून आले होते. दुसऱ्या परिच्छेदाला त्यांचा डोळा लागला. मी लाजत लाजत बाईंना ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांनी अगदी योग्य मूल्यमापन केलं." मग माझ्या शेजारी बाकावर बसल्या. मी माझ्या वर्गातल्या पोरांबद्दल बोलत गेले आणि त्या मला म्हणत गेल्या की हे लिहा, आता जे बोललात तेच लिहा. माझं स्वतःचं वाक्य कागदावर लिहिण्यासारखं असतं हे मला कुणी तोवर सांगितलं नव्हतं. आज मी एका लहान शाळेची प्रभारी मुख्याध्यापिका आहे. जे काही दोन शब्द नीट लिहिते ते त्या बाकावर मिळालेले आहेत.

बाईंचं एक मात्र आमच्या बरेच दिवस लक्षात आलं नाही. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे चहाला बाहेर पडायचो. बाई वर्गातच डबा खायच्या आणि आम्ही परत यायच्या आत फळा पुसून ठेवायच्या. चला म्हटलं तर म्हणायच्या, "तुम्ही मोकळं बोला, मी असले की तुम्ही नियोजनावर बोलता." संध्याकाळी माझी गाडी आणि त्यांची गाडी एकाच स्टँडवरून सुटायची. कुणी ना कुणी त्यांच्याशी बोलत उभं असायचं. कराडमार्गे साताऱ्याला जाणारी गाडी लागायची, बाई एकदा तिच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "भरलीय. पुढच्या गाडीनं जाते." मला उभ्या जागेवरून रिकाम्या खिडक्या दिसायच्या. बोलणं चालू राहायचं.

दुसऱ्या सत्राच्या शेवटी एक दिवस बाई जरा उशिरा वर्गात आल्या. वरच्या खोलीत समन्वयकांनी बोलावलं होतं. बाईंनी आम्हाला एवढंच सांगितलं की पुढच्या सत्रापासून हा विषय मोबाइलवर असेल. कुणी तरी तास चित्रित करून ठेवले आहेत, ते ज्याने त्याने आपल्या सवडीने बघायचे. रविवारी कुणी इतक्या लांब यायचं कारण राहणार नाही. तुमची सोय झाली, असंही त्या म्हणाल्या. समोर बसलेल्या एक-दोघांना खरंच बरं वाटलं असणार, कारण उन्हातान्हात घाट उतरून येणं सोपं नव्हतं.

मग बाईंनी टेबलावरचे खडू गोळा केले आणि म्हणाल्या, "तुमची शेवटची नियोजनं मला तुम्हाला समोर बसवून बघायची आहेत. माझ्या घरी या. सगळे."

एप्रिलमधला एक रविवार त्यांनी सांगितला. आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं. जाधव सर म्हणाले, "येणार म्हंजी येणार, बाई. तुमी फकस्त चहा ठेवा."

"चहा नाही, जेवण," बाई म्हणाल्या. आणि दारापर्यंत जाऊन परत वळून त्यांनी विचारलं, "नक्की येणार ना? म्हणजे मला तसं सामान भरायला."

दोन सत्रांत त्यांनी आमच्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट.

त्या रविवारी मी साताऱ्याला पोचले तेव्हा बाई गॅलरीत उभ्या होत्या. समोर अजिंक्यतारा उन्हात पांढुरका झाला होता. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओळीत मांडल्या होत्या, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडून आणलेल्या. भिंतीला एक छोटा फळा टेकवून ठेवला होता. स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास येत होता, आणि तो वास एका मोठ्या पातेल्याचा होता.

"तुम्ही पहिल्या," बाई खुशीत म्हणाल्या. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. त्यांनी मला उठवून पहिल्या ओळीत बसवलं.

थोड्या वेळाने फोन वाजला. विट्याकडच्या एका मॅडमचा होता. त्यांच्या माहेरी यात्रा होती, भाऊ न्यायला आला होता. बाई म्हणाल्या की असू दे, माहेरची यात्रा चुकवायची नाही. फोन ठेवून त्यांनी शेवटच्या ओळीतली एक खुर्ची भिंतीला लावली. मग दुसरा फोन आला, मग तिसरा. कुणाच्या दारात पाहुणे उतरले होते, कुणाच्या घरी पालखीचा मान होता. हनुमान जयंतीला लागून आलेला रविवार होता तो. अर्ध्या मुलखात त्या दिवशी ढोल वाजत होते.

तुम्ही म्हणाल, हो म्हणताना कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. पण बाईंनी रविवार सांगितला होता आणि यात्रा तिथीवर असते. शिवाय शिक्षक ज्या गावात नोकरी करतो त्या गावची यात्रा आम्ही सगळ्यांनी नियोजनात लिहिली होती. स्वतःच्या गावची कुणी लिहिली नव्हती. आणि नंतर जेव्हा लक्षात आलं तेव्हा प्रत्येकाला वाटलं की बाकीचे जातीलच, आपण एकटे नसलो तर काय बिघडणार आहे. माझ्या सासरी भैरवनाथाची यात्रा असते, ती आठवडाभराने. म्हणून मी तिथे होते. त्यात माझा काही मोठेपणा नाही.

जाधव सरांचा फोन शेवटी आला. मागे इतका गोंगाट होता की ते ओरडून बोलत होते आणि मला खुर्चीवर बसून सगळं ऐकू येत होतं.

"बाई, लय चुकलं बगा. आज आमच्यात यात्रा हाय. धाकटा भाऊ काश्मिरातनं आलाय, त्यो सोडंना. समदी आली असतील न्हवं तिकडं?"

बाईंनी खोलीभर नजर फिरवली.

"आलेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही निवांत राहा. भावाला माझा नमस्कार सांगा."

फोन ठेवल्यावर त्या उभ्याच राहिल्या. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, वर्गात आमची फाइल वाचताना यायचं तसं. "बघा," त्या म्हणाल्या. "हे नियोजन कुणी माझ्यासमोर आणलं असतं तर मी परत पाठवलं असतं."

मी म्हटलं, "बाई, आपण दुसरा रविवार ठरवू."

"चैत्रात दुसरा रविवारही कुणाचा तरी असणार," त्या म्हणाल्या. "काढा फाइल."

आणि त्यांनी तास घेतला. उभं राहून. रिकाम्या खुर्च्यांच्या ओळींसमोर त्यांनी माझं नियोजन शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत वाचलं. मध्येच सवयीने नजर मागच्या ओळीकडे जायची आणि परत यायची. जन्मात कुणी माझ्याकडे इतकं पूर्ण लक्ष दिलेलं नाही. आणि इतकं ओझंही कधी वाटलेलं नाही, कारण सगळ्यांच्या वाटचं ऐकायला मी एकटीच होते.

जेवताना मी सहज विचारलं की बाई, तुमच्या गावची यात्रा कधी असते.

त्या भात वाढत होत्या. म्हणाल्या, "आमचं गाव कोयनेच्या पाण्यात आहे." धरण झालं तेव्हा त्या कडेवर होत्या. गावातली घरं फुटली, कुणाला कुठे जमीन मिळाली, कुणाला कुठे. देव एका वस्तीवर गेला, माणसं चार दिशांना. बाईंच्या वडिलांना कोयनानगरच्या वसाहतीत काम लागलं आणि त्या वसाहतीतच त्या वाढल्या. तिथे कुणाचंच गाव तिथलं नव्हतं. आईला तिथी आठवायची, तेवढ्या दिवशी ती चुलीपुढे नैवेद्य दाखवायची. आई गेली. "आता तिथी मलाही सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून दुसऱ्यांना लिहायला लावते. आणि माझ्याच कॅलेंडरवर यात्रा नसते, म्हणून आज हे असं झालं."

हे त्यांनी अगदी सरळपणे सांगितलं. मी आणखी भात मागून घेतला.

दुपारी आम्ही दोघींनी खुर्च्या खाली नेऊन दिल्या. एकात एक घालून, जिन्याच्या कठड्याला लागू नयेत म्हणून सांभाळत. खालच्या काकूंनी विचारलं, "झाला का कार्यक्रम?"

"छान झाला," बाई म्हणाल्या. "भात उरलाय, पाठवते."

ही गोष्ट मी आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर लिहिली नाही, पण विट्याच्या मॅडमना फोनवर सांगितली, आणि ती सगळीकडे पोचली. माणसं वाईट नव्हती. सगळ्यांना फार लागलं. पुढच्या वर्षी चैत्राआधीच एकेकाने बाईंना फोन करून यात्रेचं आवतण दिलं. जाधव सर तर म्हणाले की मी गाडी घेऊन साताऱ्याला येतो. बाईंनी सगळी आवतणं ऐकून घेतली आणि गटावर एकच संदेश टाकला, "सर्वांची यात्रा एकाच दिवशी आहे. मुख्याध्यापकांनी आपसात समन्वय साधावा." त्यावर हसण्याची चिन्हं पुष्कळ आली. पण कुणाकडे जायचं आणि कुणाला नाही म्हणायचं, हे बाईंना ठरवता आलं नाही. त्या दिवशी त्या घरीच राहिल्या.

आमची यात्रा आठवड्याने होती. बाई आमच्याकडे आल्या.

त्याच वर्षी गणपतीच्या आधी त्या गेल्या. त्यांच्या पुण्याला असलेल्या पुतण्याने आम्हाला दोन दिवसांनी कळवलं, कारण कुणाला कळवायचं हे त्याला माहीत नव्हतं. मला बाई आठवतात त्या वर्गातल्या कमी आणि आमच्या यात्रेतल्या जास्त.

सकाळी आल्या त्या पिशवीत नारळ आणि माझ्या मुलीसाठी चित्रांचं पुस्तक घेऊन. आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. पुरणाचा घाणा चालू होता, नणंदा-जावा, त्यांची पोरं. बाई एका पाटावर बसल्या आणि वेलदोडे सोलायला लागल्या. यात्रेत नवीन माणूस दिसलं की बायका पहिलं विचारतात ते, ही कुणाची. एका म्हाताऱ्या चुलत सासूबाईंनी विचारलंच, "बाई, तुमचं गाव कंचं?"

बाईंनी सांगितलं.

"मग आता यात्रा कुठं भरती तुमची?"

"भरत नाही, आजी."

म्हातारीने पोळी लाटता लाटता क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "मग हीच धरा की," ती म्हणाली, आणि पोळी तव्यावर टाकली.

बाई वेलदोडे सोलत राहिल्या. त्या दिवशी पालखी दारात आली तेव्हा माझ्या सासूबाईंनी आरतीचं ताट बाईंच्या हातात दिलं. बाईंना ओवाळायचं कसं ते ठाऊक होतं, पण त्या आधी माझ्याकडे बघत होत्या, बरोबर करतेय ना अशा नजरेने. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

ऊन कलल्यावर त्यांनी चपला घातल्या. सासूबाई दारात आडव्या आल्या. "ऱ्हावा की आजची रात. उद्या कुस्त्या हायत, मटणाचं खारं जेवाण हाय. घरात आवघं गाव मावतंय, तुमी जड हायसा व्हय?"

"राहिले असते," बाई म्हणाल्या. "पण उद्या तास आहे."

सासूबाईंना ते पटलं. शिकवणाऱ्या बाईला तास असणारच. मला ठाऊक होतं की तास थांबून वर्ष झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी रविवारही नव्हता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पिशवी घेतली आणि त्यांना सोडायला फाट्यापर्यंत गेले.

कराडहून आलेली आणि इथूनच परत फिरणारी गाडी खचाखच भरलेली होती. ती थांबली तशी माणसं उतरायला लागली, ती उतरतच राहिली. पिशव्या, पोरं, खांद्यावर बॅग घेतलेले पलटणीतले जवान, मुंबईहून आलेल्या सुना. कुणी कुणाला हाका मारत होतं. पाया पडणं, गळ्यात पडणं, तिथेच रस्त्यात चाललं होतं. गाडी पूर्ण रिकामी झाली तेव्हा बाई चढल्या. कंडक्टर आमच्याच गावचा होता. तो म्हणाला, "आवं, समदी यात्रंला यायला लागल्यात, आन् तुमी कुठं निघालाय?"

"कराड एक," बाई म्हणाल्या.

त्या मधल्या एका बाकावर खिडकीशी बसल्या. पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली. गाडी वळून रस्त्याला लागली. मागच्या काचेतून मला सगळे रिकामे बाक दिसत होते आणि त्यांच्या मध्ये एक पांढरं डोकं. त्या डोक्याने एकदा बाजूला पाहिलं. मग बाईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि शेजारची जागा मोकळी केली.